रिकाम्या नळीतली दोन शिखरं

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, तो एका केसांच्या पिनेपायी. पाळणाघर दुसऱ्या दिवशी बंद, नवरा परगावी. म्हणजे चार वर्षांच्या लेकीला प्रयोगशाळेत न्यायचं. तिथे ते अवाढव्य चुंबक. आणि पोरीच्या केसांत लोखंडी पिन राहून गेली तर? जमिनीवर लाल रेघ आखलेली आहे, रेघेबाहेर काही होत नाही, हे नव्या मुलांना तीच तर शिकवायची. पण दिवसा पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट मिरवणारी बाई अंथरुणावर पडली की नुसती आई उरते, आणि तीही जरा घाबरटच. तिने उठून झोपलेल्या पोरीच्या केसांतून तीनदा बोटं फिरवली. पिन नव्हती.

खरी काळजी वेगळीच होती. ती नको म्हणून तर तिने पिनेची धरली होती.

दुपारी दोघी तळघरातल्या त्या खोलीत उतरल्या. खिडकी नाही, पांढरा दिवा, आणि मधोमध माणसाहून उंच पिंपासारखं चुंबक, त्याला टेकवलेली शिडी. पोटात अतिथंड हेलियम, बाजूला पंपाची संथ टक... टक... लेकीला तिने रेघेपासून चांगली चार पावलं लांब, चटईवर रंगीत खडू देऊन बसवलं.

"ही रेघ ओलांडायची नाही. कळलं?"

"ओलांडली तर?"

"तर मी ओरडेन."

"तू तर रोजच ओरडतेस," लेक म्हणाली आणि चित्र काढायला लागली.

काम तसं सरळ होतं. द्रव स्फटिक पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेला असतात. त्याची नळी चुंबकात सोडायची. रेणू शिस्तीत असतील तर पडद्यावर दोन शिखरं उमटतात. तापवत नेलं की शिखरं जवळ सरकतात, आणि एका ठरावीक तापमानाला सगळी शिस्त मोडून एकच शिखर उरतं. तिच्या शोधनिबंधाच्या परीक्षकाने हे मोजमाप पुन्हा करून मागितलं होतं. पाच वाजेपर्यंत पेपर गेला तर तिची नोकरी कायम. नाही गेला, तर महिनाअखेरीला तिची खुर्ची दुसऱ्या कोणाची.

नळी प्रयोगशाळेतल्या काचबाईंची होती.

त्या पदार्थाच्या रेणूंत नेमक्या जागी जड हायड्रोजन बसवायला काचबाईंना अकरा महिने लागले होते. ज्योतीवर काच वितळवून नळीचं तोंड बंद करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि राग धरण्यातही. एकाने त्यांचा चिमटा न विचारता नेला, तर त्याच्याशी त्या सहा वर्षं बोलल्या नव्हत्या. 'काचबाईंचा राग फ्रिजबाहेर ठेवला तरी नासत नाही,' असं पोरं म्हणायची. हिच्यावर मात्र त्यांचा जीव. आठव्या महिन्यात हिला शिडी चढवेना, तेव्हा म्हणाल्या, "तू तुझं बाळ सांभाळ गं, मी माझं सांभाळते." बाळंतपणाच्या रजेत सगळी मोजमापं त्यांनीच केली. मागच्या वर्षी चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या.

पेपरावर लेखकांत त्यांचं नाव दुसऱ्या जागी होतं. "नळ्या भरणाऱ्यांची नावं कशाला? आणि मेलेल्या माणसाला तर कशालाच नको," प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले. म्हणाले सर, पण खोडलं हिने. स्वतःच्या बोटाने.

तिने शिडी चढून नळी सोडली, खाली येऊन तापमान वाढवलं. शिखरं जवळ यायला हवी होती.

ती लांब गेली.

अजून पाच अंश. अजून लांब. तिने नळी काढून उजेडात धरली. आतला पदार्थ पाण्यासारखा नितळ झाला होता, म्हणजे शिस्त कधीच मोडली होती. परत सोडली. दोन शिखरं, आधीपेक्षा दूर, सरळसोट उभी.

'माझंच काहीतरी चुकलं असणार,' हा तिचा जन्माचा पहिला निष्कर्ष. म्हणून तिने ती नळी काढली आणि रिकामी नळी सोडली. नुसती काच, आत हवा. पडदा सपाट दिसायला हवा होता.

दोन शिखरं.

खोलीत ज्योतीत तापलेल्या काचेचा वास पसरला. या खोलीत ज्योत पेटवायला बंदी होती.

"हो... चार वर्षं..." मागे लेक हळूच कोणाशी तरी बोलत होती. "मला लाल आवडतो..."

"कोणाशी बोलतेस गं, चिमणे?"

"काकूंशी."

"कुठल्या... काकू?"

लेकीने खडूनेच चुंबकाकडे दाखवलं. "पिंपातल्या. आई, त्या विचारतायत..." आणि पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा सुरात ती बोलली, "मला अकरा महिने लागले होते. तुला तर नऊच लागले ना?"

ती संगणकाकडे धावली, काचबाईंचं नाव परत दुसऱ्या जागी लिहिलं. पडद्यावरची शिखरं थबकली... किंचित जवळ आली. तिने सरांना फोन लावला.

"सर, काचबाईंचं नाव मी परत..."

"पाचला दहा मिनिटं आहेत, बाई. आता नाव घातलं की नवं संमतिपत्र, सगळ्यांच्या नव्या सह्या. बसा मग वाट बघत! नोकरी तुम्हाला हवीय की त्यांना?"

फोन बंद झाला. तिने नावाकडे पाहिलं. मग लेकीच्या शाळेचा विचार केला, घराचा केला, आणि काचबाईंचा करायचा टाळला. पहिल्या वेळी खोडताना ती रडली होती. या वेळी तेवढाही वेळ नव्हता. चार अठ्ठावन्नला पेपर गेला.

त्याच क्षणी दोन्ही शिखरं एकमेकांकडे सरकली आणि एक झाली. मग तेही विझलं. पडदा सपाट. काचेचा वास गेला. पंपाची टक... टक... तेवढी राहिली.

सुटलो, असं तिला वाटलं. स्वतःचीच लाज वाटली, पण हलकंही वाटलं. तिने पिशवी उचलली आणि शिडीकडे पाठ करून लेकीपुढे हात धरला.

"चला, राणीसरकार. घरी."

लेक उठली नाही. परक्या घरात पाहुण्यांकडे बघतात तशी ती तिच्या हाताकडे बघत राहिली, आणि आपले खडू जवळ ओढून घेतले.

"अगं, असं काय करतेस? मी आहे ना... आई..."

पोरीची नजर तिच्या खांद्यावरून मागे, वर गेली. चेहरा एकदम खुलला.

"काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा ना," तिचा पुढे केलेला हात बाजूला सारून ती अदबीने म्हणाली. "आई शिडीवरून उतरतेय."