ताई कधी अडखळत नाहीत

मालवण बंदराला लागून असलेल्या त्या खोलीला प्रयोगशाळा म्हणायचं, कारण दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. आत तीन पडदे, एक कॅमेरा आणि डॉ. शर्वाणी कुबल. हवामानशास्त्रात बाई हुशार, पण बोलायला लागली की समोरच्याने मधल्या वेळात चहा करून प्यावा. भित्री नव्हती ती. नेमका शब्द सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही तिची खोड. वर्गात अशी खोड चालून जाते. पण शर्वाणीचे वर्गणीदार म्हणजे मासेमारी बोटींचे मालक. ती रोज दुपारी लाइव्ह यायची आणि त्यांना एवढंच हवं असायचं, की आज बोट काढायची की नाही.

कॅमेऱ्यासमोर ती आणखीच थांबायची. मग लोक कंटाळून देवगडच्या एका गृहस्थाकडे जायचे. त्याचं हवामानशास्त्र कॅलेंडरच्या मागच्या पानावर संपायचं, पण गडी बोलायचा खणखणीत. त्याच्या भरवशावर एक बोट खडकावर गेली, तेव्हा शर्वाणीने रत्नागिरीहून अन्वर मुकादमला बोलावून घेतलं. अन्वर तिचा कॉलेजातला मित्र, वाणी-अभियंता, म्हणजे यंत्रांना बोलायला शिकवणारा.

"तुझं ज्ञान लोकांपर्यंत पोचत नाही, कारण मधे तुझी शांतता येते," अन्वर म्हणाला. "ती आपण बुजवू. मी याला सलगवाणी म्हणतो."

"बुजवणार कशाने?"

"तुझ्याच बोलण्याने. तुझी आजवरची सगळी व्याख्यानं, सगळे लाइव्ह यंत्राला शिकवले. तू वाक्य सुरू केलंस की तू कुठे चाललीयस हे त्याला कळतं. तू थांबलीस की ते थांबत नाही. तुझ्या चेहऱ्याने, तुझ्या आवाजात पुढचे शब्द बोलून मोकळं होतं. मागून तू तेच बोलतेस. कोणाला पत्ता लागत नाही."

"आणि मी दुसरंच काही बोलले तर?"

"क्वचित. तसं झालं तर ते दोन्ही सांधून घेतं. माणूस पडद्यावर स्वतःचंच बोलणं खोडताना दिसला की विश्वास गेलाच म्हणून समज. आणि 'बहुधा', 'सांगता येत नाही', 'खात्री नाही' हेसुद्धा मी अडखळण्यातच धरलंय. ते बाहेर जाणार नाही."

शर्वाणीने कॅमेऱ्याची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाली, "शास्त्रात ते शब्द लागतात रे."

"शास्त्रात लागतात. बंदरावर नाही."

युक्तिवाद चुकीचा होता, पण सोयीचा होता, आणि सोयीच्या युक्तिवादाशी भांडायला माणसाला दुप्पट बळ लागतं. चाचणीत पडद्यावर स्वतःला आपल्या आधीच बोलताना पाहून तिला गरगरलं, म्हणून अन्वरने बाहेर जाणारं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर टॉवेल टाकला. यंत्र सुरू झालं.

दोन वर्षांत श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बोटी तिच्या झाल्या. जुनी, थांबणारी शर्वाणी पाहिलेले मोजकेच होते, तेही तिला विसरून गेले. ताई बोलते कशी फडाफडा, असं बाजारात बायका म्हणायच्या. शर्वाणीलाही धीर आला होता. कॅमेऱ्यासमोरचा संकोच पार गेला. प्रत्यक्षात मात्र ती होती तशीच होती, म्हणून तिने बाजारात जाणं सोडलं. मासळीही घरपोच मागवायला लागली. मालवणात राहून घरपोच मासळी म्हणजे काय ते मालवणी माणसालाच कळेल.

दिवाळीनंतर लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला. अशा पट्ट्यांचं दरवर्षीचं नाटक ठरलेलं. थोडं घाबरवतात आणि ओमानकडे निघून जातात. पण त्या दुपारी संगणकावरच्या तीन गणितांपैकी एक गणित सांगत होतं, हा किनाऱ्याला घासून उत्तरेला येईल.

लाइव्हवर सदबा तांडेलांनी विचारलं. सदबा म्हणजे सगळ्या बंदराचा वडीलधारा माणूस. ते निघाले की बाकीच्या बोटी निघायच्या.

"बाय, बांगडो मायंदाळ आसा. आज बोटी काढूक हरकत नाय मा?"

"काका, पट्टा तसा ओमानकडे..." शर्वाणी म्हणाली आणि थांबली. तिने तिन्ही गणितं पुन्हा पाहिली. मग सावकाश म्हणाली, "नाही. आज मला खात्री नाही. जाऊ नका."

खाली प्रतिक्रियांची रांग लागली. धन्यवाद ताई. निघालो ताई. दर्याराजाच्या नावाने चांगभलं.

"अहो, जाऊ नका म्हणतेय मी!"

हो ताई, घालतो ताई.

काय घालतो? तिने उठून टॉवेल ओढला आणि चित्र थोडं मागे नेलं. पडद्यावर ती स्वतः प्रसन्न हसून सांगत होती, "पट्टा तसा ओमानकडे चाललाय, बिनधास्त जा. फक्त लाइफजॅकेटशिवाय जाऊ नका."

 तिने लाइव्ह तोडलं आणि अन्वरला फोन लावला.

"सलगवाणी बंद कर," अन्वर म्हणाला, "आणि तू स्वतः लाइव्ह ये."

ती आली. यंत्राशिवाय, दोन वर्षांत पहिल्यांदा. "मी... मघाशी जे... तीन गणितं आहेत, त्यातलं एक... मला नक्की..." ती शब्द शोधत होती, आणि खाली लोक लिहीत होते. ही कोण? चेहरा ताईंचा, पण बोलणं बघा. खोटी आहे. ताई कधी अडखळत नाहीत. देवगडवाल्याचा डाव असणार. मग सदबांचा आवाज आला, "कोणी आयकू नको रे. चला, इंजिनां सुरू करा."

तिने पुन्हा फोन लावला. तिला रडू फुटत होतं. "अन्वर, ते मला ओळखत नाहीत. ते तिलाच ओळखतात."

 अन्वर हळूच म्हणाला, "मग तिच्याच तोंडून सांग. खात्री नाही म्हणालीस तर यंत्र तेवढं गाळून टाकेल. थांबलीस तर मधे घुसेल. न थांबता, ठामपणे सांग."

"म्हणजे खोटं बोलू?"

"बोटी परत हव्यात ना?"

शर्वाणीने सलगवाणी सुरू केली, कॅमेऱ्यात पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "मघाचा अंदाज बदललाय. वादळ मालवणवर नक्की येतंय. सगळ्या बोटी आत्ता परत फिरवा." यंत्राला शिरायला फट मिळालीच नाही. अंधार पडायच्या आत सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या.

पट्टा ओमानला गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. देवगडवाल्याच्या बोटी बांगड्याने वाकून परत आल्या. सकाळीच सदबा तांडेल प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. ते तिचे वर्गणीदार झाले ते सलगवाणीनंतर; समोरासमोर दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"काय गो," ते तापून म्हणाले, "नक्की येता म्हटलंस. खंय आसा तुझा वादळ?"

"काका..." शर्वाणी थांबली. पदराशी चाळा करत राहिली. "मला... नक्की नव्हतं. जाईल की येईल ते... मला कळत नव्हतं. मी तेच सांगायला..."

सदबांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. ते जवळ आले. तिच्या तोंडाकडे निरखून पाहायला लागले.

"काल मधीच येवन अडखळी होती," ते म्हणाले, "ती तू?"

तिने मान हलवली.

"मगे दोन वर्सां आमका 'बिनधास्त जावा' म्हणान सांगी होती, ती कोण?"

शर्वाणीने तोंड उघडलं. गेल्या दोन वर्षांत ती किती वेळा थांबली होती, आणि तिच्या थांबण्यात किती बोटी दर्यात गेल्या होत्या, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. टॉवेल टाकलेला होता ना.

सदबा उंबऱ्यावर बसले, आणि ती बोलेपर्यंत वाट पाहत राहिले.