काही लागलं तर

अकरा दिवसांत शालनताईला भेटायला त्रेचाळीस नातेवाईक आले, आणि एकाच्याही तोंडून "काही लागलं तर सांगा" निघालं नाही.

खाटेवरचा हिरवा दिवा तेवढ्याच वाक्याची वाट पाहत होता. व्याधिविभाजनाचा शोध लागल्यापासून आजार बरे करत नसत, वाटत असत. आजार नष्ट होत नाही, माणसांत वाटला की पातळ होतो, एवढंच. प्रश्न उरला वाटेकऱ्यांचा.

"नॉर्वेत अख्खा देश वाटेकरी," डॉ. टिपरे म्हणाल्या. "कुणाचं हृदय बिघडलं की सकाळी दहाला सगळ्यांना एक शिंक येते. अमेरिकेत विमा कंपन्या पगारी आजारी माणसं ठेवतात."

"आणि आपल्याकडे?" हेरंबने विचारलं. तो ताईचा धाकटा भाऊ.

"नातेवाईक. सगळ्यांत स्वस्त हेच पडलं. लोक नाहीतरी म्हणतातच, काही लागलं तर—" डॉक्टरांनी झटकन तोंडावर हात ठेवला. दिवा लुकलुकून गप्प झाला. "वाक्य पूर्ण झालं की करार पक्का, म्हणणारा वाटेकरी. दिव्याला पेशंट कोण, पाहुणा कोण, कळत नाही. नवं मॉडेल पुढच्या वर्षी येतंय."

तेवढ्यात दिगंबरकाका शहाळं ठेवून निघाले. "बरंय शालन, काही ला—"

काकूंनी सोललेलं केळं त्यांच्या तोंडात कोंबलं. काका केळ्यासकट बाहेर गेले.

"पाचच्या आत एक तरी वाटेकरी हवा, नाहीतर ताई जातील," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सख्खे. अर्धा आजार घेतलात तर दोघंही बहुधा जगाल."

"बहुधा म्हणजे?"

"म्हणजे आणखी काका असतील तर बोलवा."

त्या गेल्या. हेरंबने स्टूल पुढे ओढलं. पाचला दहा कमी.

"ताई, काही..." पोटात वीस वर्षांची पित्ताची जळजळ उसळली. "काही नाही. उशी नीट करतो."

ताईने डोळे उघडले. "पित्त ना? जेवला नसशील."

"जेवलो की."

"खोटारड्या. तोंड बघ कसं झालंय. लाजू नकोस रे माझ्यापाशी, काही लागलं तर सांग."

खाटेवरचा दिवा टिंग वाजला.

हेरंबची जळजळ अर्ध्यावर आली. ताई पोट धरून कुशीवर वळली.

वीस वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. पाचला अजून चार मिनिटं होती. हेरंब उठला आणि शहाळ्यासाठी स्ट्रॉ शोधू लागला.