उठण्याचा शॉट

दिवा जरा इकडे सरकव. विझवू मात्र नकोस. सांगतो.

माझा थोरला भाऊ नट होता. आधी नाटकात भालदार, मग सिनेमात खलनायकाच्या मागे उभा राहणारा, मग मालिकांमध्ये कुणाचा तरी आजारी बाप. नाव फार थोड्यांना ठाऊक, चेहरा मात्र सगळ्यांना ओळखीचा. कामही बहुतेक वेळा एकच, मरायचं. गोळी लागून, बुडून, विष पिऊन, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून. मरण्यात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. आई होती तोवर पडद्यासमोर बसून करवादायची, "मेल्या, एकदा तरी शेवटपर्यंत जग की!"

दादाच्या दोन खोडी होत्या. दिग्दर्शकाने 'कट' म्हटलं की हा अगदी नम्रपणे विचारणार, "अजून एक घेऊ?" समाधान म्हणून नाहीच. आणि मरणाचा शॉट झाला की कॅमेरा चालू असतानाच उठून बसायचं, खळखळून हसायचं, मगच कट. ही दुसरी खोड त्याच्या एकट्याची नाही, धंद्यातली जुनी रीत आहे म्हणे. मेलेल्याला कॅमेऱ्यात मेलेला सोडायचा नाही.

उतारवयात त्याला पहिल्यांदा नायकाचं काम मिळालं. शेवटी मरायचं होतं ते होतंच. तो प्रसंग नदीकाठी, अगदी अखेरच्या दिवशी होता. ऊन उतरत चाललेलं, दिग्दर्शकाला घाई. दादाने वाळूत पडून प्राण सोडला आणि दिग्दर्शक ओरडला, "कट! पॅकअप!"

"अजून एक घेऊ," दादा पडल्या पडल्याच म्हणाला. "निदान उठण्याचा तरी..."

दिग्दर्शक हसला आणि गाडीत जाऊन बसला. त्याच आठवड्यात दादा दुपारी जेवून आतल्या खोलीत पडला, तो उठलाच नाही.

मग मला बोलावणं आलं. सिनेमातले आवाज नंतर भरायचे होते. आधीचे प्रसंग दादाने स्वतः भरले होते, हा शेवटचा तेवढा राहिला होता. आमचा दोघांचा आवाज एक. फोनवर वहिनीसुद्धा फसायची. मी विमा कचेरीतला कारकून, अभिनयातलं मला ओ की ठो कळत नाही. पण शेवटचा श्वास सोडायला अशी काय अक्कल लागते?

दादाच्या घरून निघताना वहिनी दारात आडवी आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. "भावजी, एवढं करा. श्वास सोडून झाला की त्यांच्या आवाजात हसा. उठवा त्यांना."

"अहो वहिनी, असं काही नसतं."

"नसू दे. हसायला तुमचं काय जातंय?"

स्टुडिओची ती खोली कोंदट होती. भिंतींना जाड गाद्या, जमिनीवर गालिचा, त्याला ओलसर वास. रेकॉर्डिस्टने दार लावलं आणि भर दुपारचा रस्ता एकदम नाहीसा झाला. स्वतःचं गिळणंसुद्धा कानात मोठं वाजत होतं. काचेपलीकडे तो एकटाच. दिग्दर्शक आलाच नव्हता. एवढ्याशा कामासाठी कशाला, असा निरोप होता.

दिवे मालवले. पडद्यावर दादा. वाळूत पडलेला, ओठ हलणारे. त्याच्या ओठांवर नजर ठेवून मी श्वास सोडला, लांब, शेवटी घशात अडकलेला. दादाची मान कलली. चित्र अजून थोडं चालू होतं. मी हसलो. हसू कसलं, खोकलाच तो. चित्र संपलं. पडदा काळा झाला.

आणि कानावरच्या हेडफोनमध्ये कुणीतरी हसलं. खळखळून.

दिवे लागले. रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघत होता. "काका, श्वास उत्तम. पण हे हसणं कशाला? तेही दोनदा?"

"मी... एकदाच हसलो."

त्याने यंत्राकडे वळून झालेलं मागे नेलं, पुन्हा लावून पाहिलं. मग म्हणाला, "आवाजाचा काटा दोनदा हलला."

मी घाईघाईने बाहेर पडलो. दादाच्या घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण वहिनीने दिवा लावला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात ती भिंतीला टेकून उभी होती.

"उठले," ती म्हणाली.

"काय?"

"दुपारी पलंग करकरला... मग हसले. तेव्हापासून थांबतच नाहीत, भावजी..."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलीकडे कुणीतरी हसत होतं. तेवढंच हसू, मग एक दम घेणं, मग पुन्हा तेवढंच. घसा सुकला तरी थांबत नव्हतं. ते हसू दादाचं की माझं, तेही मला कळेना.

मग एकदम ध्यानात आलं. मी त्याला उठवलं होतं खरं. पण उठल्यावर कट म्हणायला तिथे कुणी नव्हतं.

मी दाराशी तोंड नेलं. "कट."

हसू थांबलं.

वहिनी मटकन खाली बसली. संपलं, असं तिला सांगायला मी वळणार, तोच आतून अगदी नम्रपणे आवाज आला.

"अजून एक घेऊ?"

पलंग करकरला. कुणीतरी पुन्हा आडवं झालं. एक लांब श्वास सुटला, शेवटी घशात अडकलेला. दुपारी मी सोडला होता, तस्साच. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा हसू.

कट म्हणायला मी तोंड उघडलं, तर वहिनीने उठून माझ्या तोंडावर हात दाबला. हात गारठला होता, पण पक्का होता.

"घेऊ द्या त्यांना," ती कुजबुजली.

त्या खोलीचं दार मी अजून उघडलेलं नाही. वहिनी तिथेच, एकटीच राहते. मी गेलो की चहा करते, तीन कप. तिसरा कप आतल्या दाराशी ठेवते, जरा कान देऊन ऐकते, आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणते, "कालच्यापेक्षा आज बरा झाला."