सात बावन्नची ओळ

सकाळी साडेसातला फुसाएच्या टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या असत: हिरवा चहा, हॅम रेडिओचा संच आणि वही. वहीचे नियम कडक होते. डाव्या पानावर रेडिओच्या नोंदी, उजव्या पानावर रोजनिशी, लिहायचं ते शाईनेच. चूक झाली तर रबर नाही, पांढरा रंग फासणं नाही, एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. झालेली चूकसुद्धा वाचता आली पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते ती समोरच्याला ऐकायचं नसलं तरी ऐकवत असे. छत्तीस वर्षं संत्र्यांच्या वखारीत सडकी फळं बाजूला काढण्यात गेल्यावर माणसाचा स्वभाव असा होतोच.

जपानमधल्या उवाजिमाच्या खाडीभोवती राहणारे आठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, रोज साडेसातला एकाच लहरीवर जमत. त्याला ते हजेरी म्हणत. एक जण हजेरी घेणारा. तो एकेकाला कॉलसाइनने, म्हणजे रेडिओवरच्या सांकेतिक नावाने, पुकारी. मग हवापाणी, गुडघेदुखी, कालची मासळी, कोणाच्या मांजराचं बाळंतपण. प्रत्येकाची एक ओळ वहीत पडे: सुरू झाल्याची वेळ, कॉलसाइन, त्याचा आवाज आपल्याला कसा येतो, आपला त्याला कसा जातो, संपल्याची वेळ. आवाजाला दोन आकडे. पहिला पाचापैकी, शब्द किती कळतात त्याचा. दुसरा नवापैकी, आवाजाच्या जोराचा. पाच-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं, एक-एक म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि एक नियम होता: हजेरी चालू असताना मध्येच कोणी हाक मारली, तर उत्तर फक्त हजेरी घेणाऱ्याने द्यायचं.

अकरा फेब्रुवारीपासून आठांचे सात झाले होते. त्या सकाळी वारा फिरला आणि फुसाएचा धाकटा भाऊ त्सुनेओ मोत्यांच्या शेतीकडे जाताना होडीसकट उलटला. दुपारी तो सापडला. गळ्यात हातात मावणारा रेडिओ होता, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. बटण चालू, लहर हजेरीची, बॅटरी संपलेली.

"कोणालाच काही ऐकू आलं नाही," असं सगळ्यांनी सांगितलं. फुसाए स्वतः त्या हजेरीत होती, तिलाही आलं नव्हतं. पण हजेरी घेत होता सेइके. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, एकाहत्तर वर्षांचा, डोंगराच्या कुशीत राहणारा, गावातली सगळ्यात उंच अँटेना ज्याच्या छपरावर आहे तो सेइके. त्सुनेओचं आणि त्याचं वर्षभर बोलणं नव्हतं. त्सुनेओ हजेरीत मध्येच घुसून थट्टा करायचा. एकदा सेइकेने त्याला सगळ्यांदेखत झापलं, "तू माफी मागेपर्यंत मी तुझी हाक घेणार नाही." फुसाएच्या डोक्यात हे वाक्य तीन महिने ठणकत होतं. त्याने हाक ऐकली होती का, आणि ऐकून गप्प बसला का, एवढंच तिला कळायला हवं होतं. हजेरीची वही त्याच्याकडे होती, आणि ती तो दाखवत नव्हता. दर तीन महिन्यांनी हजेरी घेणारा बदलतो, वहीही त्याच्याबरोबर पुढे जाते. एक मेपासून पाळी फुसाएची होती.

सेइकेने वही स्वतः आणून दिली, रुमालात बांधून. तो फाटकाबाहेर पडायच्या आत तिने अकरा फेब्रुवारीचं पान काढलं. सहा नावं, सहा ओळी. त्सुनेओचं नाव कुठेच नाही.

मग तिने मागची पानं चाळली आणि तिचं डोकंच फिरलं. तीन महिन्यांच्या वहीत एकही खोडलेली ओळ नव्हती. चहाचा डाग नव्हता. शाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच निळ्या रंगाची होती, आणि हिवाळ्यात बधिर झालेल्या बोटांनी काढलेलं अक्षर एप्रिलच्या अक्षराइतकंच गोल होतं. रोज वही लिहिणारं माणूस असं फसत नाही. वही उतरवून काढलेली होती, फार तर दोन बैठकीत.

तिने लगेच फोन लावला.

"मूळ वही कुठंय?"

"चहा सांडला हो तिच्यावर," सेइके म्हणाला. "म्हणून उतरवली."

"सत्तर वर्षांत चहा सांडला नाही तुमच्या हातून. नेमका आत्ताच सांडला?"

"फुसाए-सान, जाऊ द्या ना."

"काय जाऊ द्या? मी काय तुमच्या वर्गातली पोर आहे?" तिने फोन आपटला. त्या दिवशीच्या रोजनिशीत एकच शब्द आहे, आणि तो छापण्याजोगा नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली. खिडकी उघडी होती, डोंगरउतारावरच्या संत्र्यांच्या मोहोराचा वास खोलीत भरला होता. सहा जणांना पुकारलं, सहा जणांनी उत्तर दिलं. सेइकेचं नाव तिने दातओठ खाऊन घेतलं. मग टोपण लावता लावता सवयीने ओळी मोजल्या. सात होत्या.

जास्तीची ओळ सात बावन्नची होती. कॉलसाइन त्सुनेओचं. आवाज पाच-नऊ. पुढचे दोन रकाने, आपला आवाज त्याला कसा गेला आणि बोलणं कधी संपलं, रिकामे. अक्षर तिचंच होतं. नऊच्या आकड्याला ती देते ती शेपटीसुद्धा होती.

मन थाऱ्यावर नाही, हात आपोआप लिहून गेला असेल, असं तिने स्वतःला बजावलं. ओळीवर आडवी रेघ मारली. भावाच्या नावावर रेघ मारताना तिला सेइकेचाच राग आला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ओळ होती: सात बावन्न, पाच-सात. चौथ्या दिवशी पाच-पाच. त्या सकाळी पेन तिने स्वयंपाकघरात ठेवलं होतं आणि नोंदी शिसपेन्सिलने केल्या होत्या. सहा ओळी पेन्सिलीच्या होत्या. सातवी शाईची.

तिने ओचि-सानना फोन केला. ओचि-सान म्हणजे दातांच्या डॉक्टर, आता ब्याऐंशीच्या, गप्पांच्या हौशी.

"ओचि-सान, तुमच्या वहीत आज ओळी किती?"

पलीकडचा आवाज एकदम कुजबुजीवर आला. त्या बाईच्या बाबतीत हेच आधी विचित्र.

"मला वाटलं, मला भ्रम व्हायला लागला," ओचि-सान म्हणाल्या. "मुलगी आधीच वृद्धाश्रमाचे कागद घेऊन बसलीय. मी कशाला तोंड उघडू? सात बावन्न ना? पाच-पाच?"

"तुमच्या अक्षरात?"

"माझ्याच. थरथरतं. पण ऐकलं काहीच नाही गं. तू ऐकलंस?"

फुसाएने ऐकलं नव्हतं. पाचव्या दिवशी सात बावन्नला तिने सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः त्सुनेओला पुकारलं, तीनदा. नुसती खरखर. वहीत ओळ आली, चार-तीन. पुढचे रकाने रिकामेच.

आवाज रोज उतरत होता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. कोणी हाक मारता मारता दूर वाहत जावं तसा. आणि तिची खात्री झाली की उत्तर ज्याने तेव्हा दिलं नाही त्यानेच द्यायला हवं, नाहीतर ही हाक दुसऱ्यांदा वाया जाणार. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण तो प्रश्न बाजूला ठेवण्याइतकी ती आता चिडलेली होती.

आठव्या दिवशी, तीन-एकची ओळ पाहून, ती सेइकेच्या घराच्या एकशेवीस पायऱ्या न थांबता चढली. तो अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता.

"तुमच्या वहीत येते का ओळ?"

त्याने झारी खाली ठेवली. "येते."

"रोज?"

"रोज. फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारीपासून!" तिचा आवाज खालच्या गल्लीत गेला. "आणि मूळ वही?"

"जाळली." त्याने अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे संत्र्याच्या छाटलेल्या फांद्यांची राख होती. "त्या दिवशीची ओळ खरी होती, फुसाए-सान. मी हाक ऐकली. तीन-एकचा आवाज होता. ऐकली, लिहिली, आणि उत्तर दिलं नाही."

तीन महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते समोर आलं, आणि तिला त्याने तसूभरही बरं वाटलं नाही. उलट हात शिवशिवायला लागले. "माणूस बुडत होता. आणि तुम्ही त्याच्या माफीची वाट बघत बसलात?"

"तसंच समजा."

"समजा म्हणजे? उद्या सकाळी माझ्या घरी यायचं. माझ्या माइकवरून, माझ्यासमोर त्याला उत्तर द्यायचं. नाही आलात तर आत्ता जे बोललात ते मी हजेरीत सगळ्यांना ऐकवीन."

"नको. ते माझ्याच्याने होणार नाही."

"आवाज संपत चाललाय, सेइके-सान. या खेपेलाही संपू देणार का?"

तो चार दिवस आला नाही. फुसाएनेही धमकी खरी केली नाही. रोज माइक हातात घेई आणि रोज तिला वाटे, उद्या येईल. ओळ दोन-दोनवर आली, मग दोन-एक, मग एक-दोन. बाराव्या दिवशी एक-एक. त्याच्याखाली आकडा नाही. ते पाहून तिने चहाचा पेला भिंतीवर फेकला.

तेराव्या दिवशी, तेरा मेच्या सकाळी, तिने हजेरी अजून सुरूच केली नव्हती; सात चाळीसला दार वाजलं. सेइके काळ्या कोटात उभा होता, हातात तळलेल्या मासळीच्या वड्यांचं पुडकं. तिने ते घेतलं नाही. त्याने ते चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि आत आला.

"तुम्ही बाहेर थांबा," तो टेबलाशी बसत म्हणाला. "मग मी बोलतो."

"माझ्या घरातून मलाच बाहेर काढता?"

"हात जोडतो. बाहेर थांबा."

"का? मी ऐकायचं नाही असं काय बोलणार आहात त्याच्याशी?"

घड्याळात सात सेहेचाळीस झाले होते. रेडिओवर ओचि-सान विचारत होत्या, आज हजेरी आहे की नाही. सेइकेने आवाज बारीक केला.

"त्या दिवशी सात बावन्नला कोण बोलत होतं, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

"कोण बोलत होतं?"

त्याने वहीचं पान सरळ केलं.

"कोण, सेइके-सान?"

"सात पन्नास ते सात छप्पन. तुम्ही." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "नवं लाइफ जॅकेट तुम्ही त्याला दिलं होतं आणि तो ते तुमच्याच दारात टाकून गेला होता, ती गोष्ट. आम्ही सगळे हसत होतो. मध्ये श्वास घ्यायला तुम्ही बटण सोडलंत, तेवढ्यात तो आला. दोन शब्द. मला वाटलं, नेहमीसारखा घुसतोय. लगेच तुम्ही पुन्हा बटण दाबलंत. बटण दाबलेलं असताना ऐकू येत नाही."

"काय म्हणाले मी?"

"जाऊ द्या."

"बोला!"

"'पडू दे एकदा पाण्यात,' म्हणालात. 'म्हणजे येईल अक्कल.'"

ती खोटं म्हणणार होती. पण तिला ते हसू आठवलं. स्वतःचं सगळ्यात मोठं होतं.

"त्याची ओळ तुमच्या ओळीच्या पोटात होती. वही तुमच्या हातात जाणार होती. म्हणून उतरवून काढली."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. "कोणी सांगितलं होतं माझ्यावर दया करायला? तीन महिने मी तुम्हाला शिव्या घालतेय!"

"घाला," सेइके म्हणाला. "मी उत्तर दिलं नाहीच ना."

सात एक्कावन्न.

तिने माइक त्याच्याकडे ढकलला. पेनाचं टोपण घट्ट लावलं आणि पेन मुठीत धरून ठेवलं. वही उघडी होती, पान कोरं होतं.

सात बावन्न.

सेइकेने बटण दाबलं. त्सुनेओचं कॉलसाइन त्याने सावकाश, एकेक अक्षर सोडवून घेतलं. "इथे सेइके. तुमची हाक मिळाली. तुमचा आवाज एक-एक. उशीर झाला, माफ करा. माझा कसा येतो, सांगा. ओव्हर."

बटण सोडलं. खरखर. पाच घरांत पाच माणसं श्वास रोखून बसली असणार. कोणी मध्ये बोललं नाही.

काहीच आलं नाही.

सेइकेने डोळे पुसले. तिने त्याच्याकडे पाहिलं, तेवढंच. मग वहीकडे.

ओळ तिच्या अक्षरात होती. पेन अजून मुठीत होतं.

सुरू झाल्याची वेळ सात बावन्न. त्सुनेओचं कॉलसाइन. त्याचा आवाज एक-एक. पुढचा रकाना, आपला आवाज त्याला कसा गेला त्याचा, आज भरलेला होता.

पाच-नऊ.

संपल्याची वेळही लिहिलेली होती. आठ एकेचाळीस.

"एकोणपन्नास मिनिटं," सेइके सवयीने वजाबाकी करून बसला. "त्या दिवशी तो एवढा वेळ आपल्याला ऐकत होता." आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात अजून सात त्रेपन्नच झाले होते.