तिसरा फिल्टर

गिडिऑन न्याथी फाटकातून आत शिरला तो थेट बॅगांवरच अडखळला. दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी आणि वर लहान मुलीचे शाळेचे बूट. सगळं अंगणात, ऑक्टोबरच्या उन्हात आणून टाकलेलं.

"कोण रे तू?" दारातल्या धिप्पाड माणसाने विचारलं.

"टेलिफोनवाला. इंटरनेट सारखं तुटतंय, अशी मामोयोबाईंची तक्रार आहे."

"तिच्या तक्रारी संपल्या. सूर्य मावळायच्या आत ती या घरातून जातेय. तूही चालायला लाग."

न्याथी हलला नाही. बुलावायो शहरातल्या टेलिफोनच्या खांबांवर एकतीस वर्षं चढून-उतरून त्याच्या अंगात एक खोड मुरली होती. तक्रार मिटल्याशिवाय तो वहीत सही करत नसे. त्यात हा मोडेम सहा आठवड्यांपूर्वी त्यानेच बसवलेला. आपल्या हातचं काम बिघडलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो त्या माणसाच्या काखेखालून सरळ आत गेला.

बैठकीच्या खोलीत दोन बायका बसल्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून. एक मामोयो. तिचा नवरा फान्युएल माभेना पाच महिन्यांपूर्वी वारला होता आणि तेव्हापासून ती इंटरनेटवरून परदेशातल्या मुलांना गणित शिकवून घर चालवत होती. दुसरी फान्युएलची म्हातारी आत्या, सुतकासाठी आली ती इथेच राहिलेली. दारातला धिप्पाड माणूस ओबर्ट, फान्युएलचा धाकटा भाऊ. चहाचं कुणी विचारलं नाही.

"काय झालंय?" न्याथीने मोडेमपुढे गुडघे टेकत विचारलं.

"तुला काय करायचंय, तारवाल्या?" ओबर्ट म्हणाला.

"सांगू दे की," मामोयो कडवट हसली. "सगळ्या गल्लीला सांगून झालंय, हेच राहिलेत. बाबा, मी चोर आहे. माझ्याच घराचं खरेदीखत मी चोरलंय."

"चोरलंसच, घर परस्पर विकायला," आत्या म्हणाली. "फान्युएल गेला त्याच दिवशी त्याच्या खोलीला मी कुलूप घातलं. त्याचे कपडे नातलगांत वाटायचा विधी होईपर्यंत त्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही. पण घर हिच्या नावावर करायला कोर्टाने खरेदीखत मागितलं, म्हणून मृतांची माफी मागून आज सकाळी मी खोली उघडली. कागदांची पेटी रिकामी. कुलूप जसंच्या तसं."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. अशी." आत्याने स्कर्टच्या कमरपट्टीला मोठ्या पिनेने टोचलेली किल्ली दाखवली. "झोपेतसुद्धा."

"मग बाईंनी घेतली कधी?"

"ते तिलाच विचार. घरात आम्ही दोघीच. मी घेतलं नाही, मग उरलं कोण?"

हिशेब सोपा होता. न्याथीला सोप्या हिशेबांचा जन्मभराचा राग होता.

त्याने मोडेमची नोंद उघडली. लाइन कधी जुळली आणि कधी तुटली, ते हे यंत्र मुकाट्याने लिहून ठेवतं. सहा आठवड्यांत लाइन सहा वेळा तुटली होती. सहाही वेळा गुरुवारी, दोन ते चारच्या दरम्यान, पाच-सात मिनिटांपुरती. बाकी एक ओरखडा नाही.

"गुरुवारी दुपारी वीज नसते ना इथे?"

"बारा ते सहा," मामोयो म्हणाली. "मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. मी मोडेम आणि कॉम्प्युटर सौर बॅटरीवर चालवते. काल ऐन परीक्षेत तुटलं. मुलं पलीकडे वाट बघत बसतात."

"वेळ लिहून ठेवता?"

तिने शिकवणीची वही पुढे केली. तिच्या सहाही वेळा मोडेमच्या नोंदीशी मिनिटाला जुळत होत्या.

"त्या वेळी तुम्ही पडद्यासमोर?"

"समोरच. दार बंद, कानाला हेडफोन. घरात हत्ती शिरला तरी कळायचं नाही."

"वा, काय साक्ष आहे," ओबर्ट म्हणाला. "दुपारभर त्या डब्यापुढे 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करत केकाटत बसायचं, याला म्हणे नोकरी."

"तुम्ही येता वाटतं गुरुवारी?" न्याथीने वर न बघता विचारलं.

"मी? गुरुवारी माझ्या दुकानात माल उतरतो. दोन महिन्यांत या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज आत्याने बोलावलं म्हणून आलो. झाली चौकशी? काढ तो डबा आणि नीघ." त्याने मोडेमच्या वायरीला हात घातला.

"उपटा खुशाल," न्याथी म्हणाला. "नोंद मी कागदावर उतरवून घेतलीय."

ओबर्टचा हात जागीच थांबला.

"आत्या, गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे असता?"

"देवळात. चर्चच्या बायकांची प्रार्थना असते. चाळीस वर्षांत एक गुरुवार चुकलेला नाही."

"गणवेश घालून?"

"मग काय अशीच जाऊ? लाल झंपर, काळा स्कर्ट, पांढरी टोपी. त्या गणवेशाला आम्ही दुसरं काही टोचत नाही, फक्त संघाचा बिल्ला..." तिचा हात कमरेकडे गेला. मागच्या बाजूला उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा होता. गुरुवारी दुपारी तिचा रोजचा स्कर्ट त्या खिळ्याला लटकत असे, पिनेसकट आणि किल्लीसकट.

"म्हणजे मीच म्हणत होते ते खरं," ती सावकाश म्हणाली. "मी बाहेर, आणि ही घरात."

न्याथी उठून बाहेर गेला.

भिंतीवरच्या टेलिफोनच्या पेटीतून दोन वायरी निघाल्या होत्या. एक बैठकीच्या खोलीत जात होती. दुसरी भिंतीच्या कडेने जाऊन कुलपातल्या खोलीच्या खिडकीतून आत शिरली होती. न्याथी उन्हात तिच्याकडे बघत राहिला आणि स्वतःला त्याने एक सणसणीत शिवी हासडली. मग तो आत आला.

"बसा सगळे. आधी माझी चूक सांगतो, मग चोर सांगतो."

"तू पोलीस आहेस का रे?" ओबर्ट म्हणाला.

"पोलिसांना बोलवू?"

ओबर्ट बसला.

"एकाच तारेवरून बोलणंही जातं आणि इंटरनेटही," न्याथी म्हणाला. "दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मोडेमच्या जोडणीला आणि प्रत्येक फोनच्या मागे एक छोटी डबी लावायची असते. फिल्टर. ज्या फोनला फिल्टर नाही, त्याचा रिसीव्हर उचलला की इंटरनेट बोंबलतं. मी आलो तेव्हा मोडेमसाठी एक लावला आणि इथल्या बिनतारी फोनसाठी दुसरा. तिसरा हातात घेऊन मी त्या खोलीच्या दारापाशी गेलो होतो. आठवतंय, आत्या?"

"मी म्हटलं, मेलेल्याच्या खोलीत शिरायचं नाही."

"आणि मी ऐकलं. मीही इथलाच आहे. म्हटलं, बंद खोलीतला फोन उचलणार कोण? दुसऱ्या देशातला कारागीर असता तर हटून बसला असता. मी टोपी काढली आणि परत फिरलो. त्या फोनला फिल्टर नाही तो असा."

"तो फोन सहा वेळा उचलला गेलाय. का? वीज नसली की बिनतारी फोन मुका होतो, मोबाइलचं नाव नको. त्या जुन्या वायरच्या फोनला मात्र वीज लागत नाही. गुरुवारी दुपारी या घरातून बाहेर बोलायला तेवढा एकच उरतो. ज्याने तो उचलला तो कुलपाच्या आत होता. आत्या देवळात होत्या. मामोयोबाई पडद्यासमोर होत्या, त्यांची लाइन तुटताना पलीकडची मुलं बघत होती. एक बाई एका वेळी दोन खोल्यांत नसते."

"मग कुणीतरी गल्लीतला असेल," ओबर्ट म्हणाला.

"असेल. पण बाईंची नक्कल तुम्ही फार छान केलीत. 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.' हे त्या कधी म्हणतात? लाइन तुटल्यावर. लाइन तुटते फक्त गुरुवारी दुपारी, पलीकडच्या खोलीत रिसीव्हर उचलल्यावर. दोन महिन्यांत उंबरा न ओलांडलेल्या माणसाला ते कसं ऐकू आलं?"

"आत्याने सांगितलं असेल."

"मी?" आत्या म्हणाली. "मी देवळात असते."

ती उठली. पिनेची किल्ली काढली, खोलीच्या दारापाशी बसून तिने तीनदा हलक्या टाळ्या वाजवल्या, भाच्याची माफी मागितली आणि कुलूप काढलं. "ये," ती न्याथीला म्हणाली. या वेळी त्यानेही आढेवेढे घेतले नाहीत.

पलंगाशेजारी करड्या रंगाचा बटणांचा फोन होता. सगळीकडे पाच महिन्यांची धूळ, रिसीव्हर तेवढा स्वच्छ. न्याथीने शेवटचा नंबर पुन्हा लावणारं बटण दाबलं आणि रिसीव्हर आत्याच्या हातात दिला. तिने तो कानापासून लांब धरला. पलीकडचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

"बोला ओबर्ट. आणखी कुठले कागद सापडले? खरेदीखत वकिलाकडे दिलंय, गिऱ्हाईक तयार आहे. ती बाई निघाली का घरातून?"

"नाही निघाली," आत्या म्हणाली. "मी ओबर्टची आत्या बोलतेय. तो कागद आज, आत्ता, या घरी परत आला पाहिजे. नाहीतर पोलिसांना घेऊन मी तुझ्या दारात येते."

तिने रिसीव्हर ठेवला. ओबर्टकडे तिने पाहिलंही नाही.

"आत्या, घर आपल्या रक्ताचं आहे," तो म्हणाला. "परक्याच्या मुलीला..."

"पाच महिने तिच्या हातचं जेवतेय मी, आणि मघाशी तिच्या पोरीचे बूट मी माझ्या हाताने बाहेर टाकले. तुझ्यासाठी. मेलेल्या भावाच्या खोलीत चोरासारखा शिरलास. त्याच्या कपडे वाटायच्या दिवशी या अंगणात दिसू नकोस."

ओबर्ट गेला. जाताना त्याने फाटक आपटलं.

आत्या अंगणात गेली. म्हातारीला बॅग उचलत नव्हती, तरी तिने ती ओढत आत आणली. मग दुसरी. मामोयो मदतीला पुढे झाली तेव्हा आत्या खेकसली, "हात लावू नकोस." शेवटी तिने ते छोटे बूट स्कर्टच्या टोकाने पुसले आणि होते तिथे दाराशी जोडून ठेवले. तिने माफी मागितली नाही. मामोयोनेही 'असू दे' म्हटलं नाही.

न्याथीने खिशातला तिसरा फिल्टर करड्या फोनच्या मागे बसवला, रिसीव्हर उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मोडेमचा हिरवा दिवा हलला नाही. मग त्याने वहीत सही केली.

तीनला शिकवणी होती. मामोयो पडद्यासमोर बसली. आज तिने हेडफोन लावले नाहीत आणि दारही उघडं ठेवलं.

"ऐकू येतंय का?" तिने विचारलं.

"येतंय, बाई," मुलं म्हणाली.

बैठकीच्या खोलीत आत्याने मान खाली घातली.