ऐकल्याची निळी खूण

दवनीवाड्याच्या भातगिरणीत बियाण्याच्या धानाचा तांदूळ झाला. गावाची पुढची पेरणीच भरडली गेली म्हणा ना!

दोष आला पोती वाहणाऱ्या दुर्पतावर. उद्यापासून कामावर येऊ नको, असं तिला सांगूनही झालं होतं. तिच्या भावानं गोंदियाहून संध्या रामटेके या खासगी तपासनीस बाईंना बोलावलं. सोबत संध्याचा दीर ओमेश होताच. तो सगळं बारकाईनं पाहतो आणि त्यातलं काहीही त्याच्या ध्यानात येत नाही.

व्यवस्थापक योगराज कटरेंनी त्या दिवशी गिरणीचालक कैलाशला फोनवर पाठवलेला आवाजी निरोप लावला. "कैलाशभाऊ, खिडकीजवळची पोती बियाण्याची आहेत, भरडू नका. अन् काम संपलं का घरी चहाले या, पोराचं लग्न जुळलं."

खाली माइकची खूण निळी झालेली, उत्तरात अंगठा.

"म्हणजे चालकानं ऐकलं," ओमेश म्हणाला.

"चहाला आले होते?" संध्यानं विचारलं.

"कायचा येते!" योगराज म्हणाले. "अन् वरून म्हणते, लिहून पाठवत जा. लिहाले टाइम कोणाले आहे?"

गिरणी बंद होती. चालक कैलाश पाठमोरा बसून पट्टा तपासत होता. त्याच्या मागेच ओमेशच्या खिशातला फोन कर्कश वाजला. दारातली दुर्पता दचकली. ओमेश ओशाळला. संध्या वळसा घालून कैलाशच्या समोर बसली.

"निरोपानंतर काय केलंत?"

तिच्या तोंडाकडे टक लावून तो म्हणाला, "दुर्पताले सांगितलो, खिडकीजवळची पोती राहू दे. तरी तिनंच आणली."

"मले काई नाई सांगितलं," दुर्पता म्हणाली. "मी दवाखान्यातून उशिरा आली. हे म्हणाले, सगळी आण."

"रोज निरोप कसा कळतो?"

"कैलाशभाऊ फोन मोठ्यानं लावतात. मी ऐकते अन् कामाले लागते." मग तिनं चोरून कैलाशकडे पाहिलं.

संध्यानं योगराजना बोलावलं आणि कैलाशकडे तोंड करून सांगू लागली.

"निळ्या खुणेवरून निरोप वाजला एवढंच कळतं. लग्न जुळल्याचा चहा कोण चुकवतं? आणि मघाशी फोन वाजला, तेव्हा दारातली बाई दचकली, पण शेजारचे कैलाशभाऊ हललेही नाहीत. त्यांना ऐकू येत नाही. रोज दुर्पता ज्या पोत्यांना हात घालते, तीच ते भरडतात. त्या दिवशी निरोप आला तेव्हा ती नव्हती."

"पण खिडकीजवळची पोती त्यांना ठाऊक होती की!" ओमेश म्हणाला.

"नुकसान झाल्यावर साहेबांनी तोंडावर खडसावलं, तेव्हा ओठांवरून कळली."

कैलाशची मान खाली गेली. "मशीननं कान खाल्ले. बहिरा म्हणून हाकलतील, म्हणून लपवलो. अन् पाप गरीब बाईवर घातलो. लाज वाटते मले."

योगराजही कोणाच्या नजरेला नजर देईनात. दोन ओळी लिहायचा कंटाळा त्यांनीच केला होता. "दुर्पता, उद्या कामावर ये," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

कैलाशनं तिच्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं. काऊन नाई बोलली?"

दुर्पता त्याच्यासमोर आली. ओठ दिसतील अशी उभी राहून सावकाश म्हणाली, "तुमी सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती, भाऊ."