मूठ न हललेलं दार

शिवणकाम करणारी ती बाई दारात उभी राहिली तेव्हा मोजपट्टी तिच्या गळ्यात तशीच होती. चार वाजता कॉलेज तिच्या मुलाचं नाव पोलिसांना देणार होतं आणि साडेअकरा वाजून गेले होते.

टाचणीबाईंनी तिला पाणी दिलं आणि बोलू दिलं. हे नाव त्यांना लोकांनी ठेवलेलं, कारण त्यांचे प्रश्न बारीक असत आणि नेमके टोचत. तपासाला त्यांचे धाकटे दीर सोबत असायचे. हे भावोजी स्कूटर चालवत, वही सांभाळत आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घेत.

हकीकत अशी होती. सोमवारी कॉलेजच्या तक्रारपेटीत एक छापील चिठ्ठी निघाली. ‘गुरुवारी अकराला येतोय. सुरुवात वाचनालयापासून. तिथलं दार आतून लागत नाही. लपून दाखवा.’ शिवणबाईच्या मुलाला पाच आठवड्यांपूर्वी प्राचार्यांशी भांडून काच फोडल्याबद्दल घरी बसवलं होतं. सोमवारी कॅमेऱ्यात पेटीशी बरेच जण दिसले, पण पाकीट टाकणारा आणि प्राचार्यांवर राग असलेला तोच.

“माफीनामा होता त्यात,” ती म्हणाली. “मीच समोर बसवून लिहून घेतला. दोन दिवस पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलंय. जिवाचं काही बरंवाईट करून घेईल हो.”

कॉलेजात बुधवारची दुपार होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुलं घोळक्याने चालत होती. एका वर्गात खुर्ची सरकली आणि व्हरांड्यातली सगळी तोंडं एकदम तिकडे वळली.  भावोजी वहिनींना चिकटूनच चालू लागले.

प्राचार्यांनी मान्य केलं की पेटीत माफीनामाही होता. एका हाताने माफी आणि दुसऱ्या हाताने धमकी, असं त्यांचं मत पडलं. बोभाटा नको म्हणून दोन दिवस थांबलो, आता झोप उडाली आहे, असंही ते म्हणाले. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी सगळीकडे नवी दारं बसवून घेतली होती. पुढच्याच आठवड्यात, कुणी हल्ला केला तर काय करायचं याचा सराव झाला होता. घंटा झाली की खोल्या आतून बंद करायच्या, दिवे घालवायचे आणि चिडीचूप बसायचं.

सुरक्षाप्रमुखांनी सरावाची यादी पुढे केली. छत्तीस दारं आणि छत्तीस बरोबरच्या खुणा.

“प्रत्येक मूठ मी स्वतः बाहेरून फिरवून पाहिली,” ते म्हणाले. “एकही हलली नाही. चिठ्ठीवाला खोटं लिहितोय.”

ग्रंथपालबाईंनी सरावाची नोंदवही डाव्या हाताने काढून दिली. उजव्या मनगटाला पट्टी होती. पुस्तकांचे गठ्ठे उचलताना मुरगळलं म्हणाल्या. सरावात त्यांच्याकडे एक्केचाळीस मुलं कपाटांमागे अंधारात बसली होती. एक मुलगी आवाज फुटू नये म्हणून स्वतःचीच मूठ तोंडात कोंबून रडत होती. 

उद्या अकराला इथे किती मुलं असतील, टाचणीबाईंनी विचारलं.

“एकही नाही. उद्या पुस्तकांची मोजणी आहे, सकाळभर बंद. गेल्या आठवड्यातच ठरवलं होतं, पण कुणाला सांगायचं राहिलं. आता पाटी लावते.”

बाहेर येताच भावोजी कुजबुजले, “वहिनी, तो सुरक्षावालाच. नोकरी पक्की करायला घाबरवतोय सगळ्यांना.”

 वहिनी कुणाला तरी फोन लावत होत्या.

सव्वातीनला सगळे वाचनालयात जमले. शिवणबाई भिंतीशी उभी होती. टाचणीबाईंनी सुरक्षाप्रमुखांना बाहेर पाठवलं आणि भावोजींना कुलपाची आतली कळ फिरवायला सांगितली. टक् आवाज झाला.

“आता या,” त्यांनी हाक मारली. मूठ फिरली आणि प्रमुख सरळ आत आले. 

“कळ वाजते, कुलूप लागत नाही. आता भावोजी, मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरा.”

प्रमुख पुन्हा बाहेर गेले. या वेळी मूठ हलली नाही. भावोजींच्या कपाळावर मात्र घाम आला.

“सरावाच्या दिवशी असंच झालं,” टाचणीबाई म्हणाल्या. “हे दार बसलं तेव्हा मुलगा घरी होता, त्याला त्यातलं काय कळणार? मुलांनी टक् ऐकलं आणि त्यांना दार लागलं असं वाटलं. बाहेर यादीवर खूण झाली. खरं फक्त मूठ धरून बसलेल्या माणसाला ठाऊक. ज्याला माणसं मारायची आहेत, तो वाचनालय रिकामं असेल ती वेळ निवडत नाही. आणि ती वेळ एकाच व्यक्तीला माहीत होती. बाई, मनगट गठ्ठ्यांनी मुरगळलं नाही ना?”

ग्रंथपालबाई खुर्चीवर बसल्या.

“अकरा मिनिटं धरलं होतं मी. नंतर दोन अर्ज दिले. कार्यालयातून उत्तर आलं, यादीप्रमाणे सर्व दारं ठीक. मी घट्ट धरलं म्हणून ठीक. खरंच कुणी आलं असतं तर माझ्या हातांनी काय झालं असतं? वाटलं, धमकी आली की निदान दार तरी तपासतील. या मुलाचं नाव येईल असं डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पोलिसांकडे मीच जाते.”

 ते अर्ज प्राचार्यांनी वाचलेच नव्हते.

“दोन दिवस माझं पोर मेल्यासारखं पडलंय,” शिवणबाई म्हणाली. 

तेवढ्यात व्हरांड्यात धाडकन काहीतरी आदळलं. प्राचार्य टेबलाखाली गेले, भावोजी कपाटामागे. जड पावलं दाराच्या दिशेने येऊ लागली.

टाचणीबाईंनी मान वर केली तेव्हा दाराशी दोघी होत्या. ग्रंथपालबाईंनी दुखऱ्या हाताने मूठ धरली होती आणि त्या हातावर शिवणबाईचे दोन्ही हात होते. दोघींचेही डोळे गच्च मिटलेले होते.

“सोडा,” टाचणीबाई हळूच म्हणाल्या. “कुलूपवाला आहे. मीच बोलावलंय त्याला. त्याची अवजारांची पेटी पडली असणार.”

बाहेरच्या माणसाने दोनदा मूठ फिरवून पाहिली. दोघींनी ती सोडायला बराच वेळ घेतला.